चालता माग सोडताना

दुपारचं जेवण झालं की मी कूलर लावते आणि आडवी होते. नागपूरच्या कूलरचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला काय सांगावं! तो सुरू झाला की घरातलं बाकी सगळं बंद. नवरा दारात उभा राहून काहीतरी सांगतो, ओठ हलतात, हात हलतात, आणि शब्द वाळ्याच्या ओल्या वासात कुठंतरी विरून जातात. मी मान हलवते. काय सांगितलं ते मला कळत नाही, मला कळलं नाही हे त्याला कळतं, आणि तो निमूट निघून जातो. आमचा संसार बऱ्यापैकी असाच चाललाय.

मग डोळे मिटायच्या आधीचा तो थोडासा वेळ येतो, ना धड जाग ना धड झोप. त्यात मला ओठ दिसतात. नुसते ओठ, सावकाश, मोठे मोठे हलणारे. कधी ते कामठीच्या एका बाईचे असतात, कधी सातासमुद्रापारच्या एका म्हातारीचे. आवाज कुणाचाच नाही. हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात आणि मी त्यातून कुठंतरी चाललेली असते. मग छान झोप लागते.

निवृत्त होऊन वर्ष झालं. त्याआधी सगळ्यांनी पैज लावल्यासारखं सांगितलं होतं की हिच्यानं घरी बसवणार नाही. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं. समाजकार्याच्या कॉलेजात उभा जन्म गेला. आवाज असा, की मी वरच्या मजल्यावर शिकवायची अन् खाली कॅन्टीनवाल्याचा अभ्यासक्रम पूर्ण व्हायचा. हा आवाज वारशात आला. वडील कोराडीच्या वीज केंद्रात होते. उमेदीची सगळी वर्षं टर्बाइनजवळ गेली आणि अर्धे कान तिथंच राहिले. त्यामुळे कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. दोरीवरच्या कपड्यांवर राख आणि घरात आरडाओरडा, यात मी मोठी झाले. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात एकच धोशा होता, शिका. तर मी ओरडत ओरडत शिकले आणि पुढे ओरडत ओरडत शिकवलं. राग नाकाच्या शेंड्यावर. विद्यार्थी मला काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे, इथं लिहीत नाही.

अशा माझ्या वर्गात एक वर्षी कामठीची ती मुलगी आली. लहानपणी तापात तिचे दोन्ही कान गेले होते. त्याआधी बोलायला शिकली होती म्हणून बोलायची, पण त्या बोलण्याला चढउतार नव्हता, एका पट्टीत सपाट चालायचं. पहिल्या बाकावर बसायची आणि माझ्या तोंडाकडे अशी एकटक बघायची की मला दोनदा रुमालानं ओठ पुसावेसे वाटले. मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. प्रवेशाच्या गडबडीत ते राहून गेलं. आणि माझी सवय अशी, की फळ्याकडे वळायचं, लिहिता लिहिता बोलायचं, बोलता बोलता खिडकीपर्यंत जायचं आणि खिडकीतून बाहेर बघत सगळ्यात महत्त्वाचं वाक्य टाकायचं.

पहिल्याच आठवड्यात ती उभी राहिली. “मॅडम, तुम्ही पाठ फिरवली का माह्यासाठी वर्ग बंद होते.”

माझे कान तापले. मला मध्येच कुणी थांबवायचं नाही हा अलिखित नियम होता. मी फळ्याकडे बघतच “बस खाली” म्हटलं आणि लिहीत राहिले. ती उभीच. मी पुन्हा म्हटलं, जरा जोरात. तरी उभीच. मागून कुणीतरी फिसकन हसलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी हेही तिला पाठ फिरवूनच सांगून राहिले होते. मग मलाच इतकं हसू आलं की खडू ठेवून खुर्चीत बसावं लागलं.

समावेशक शिक्षण या विषयावर तोवर मी चांगली चार ठिकाणी भाषणं ठोकली होती. प्रत्यक्षात ते काय असतं, हे मला बाक हलवताना कळायला लागलं. आम्ही बाकांचं गोल कडं केलं. आधी लिहायचं, मग वळायचं, मग बोलायचं. ज्याला बोलायचं त्यानं हात वर करायचा, सगळ्यांनी त्याच्याकडे तोंड करायचं, त्याचं संपल्याशिवाय दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. मला हे फार जड गेलं, बाप्पा. पण एक गंमत झाली. गडचिरोलीकडच्या दोन मुली होत्या, घरी गोंडी बोलणाऱ्या. वर्गात त्यांचा शब्द म्हणून कधी ऐकू आला नव्हता. त्या हळूहळू बोलायला लागल्या, कारण आता मध्येच कुणी टपकत नव्हतं. नियम केला एकीसाठी आणि त्यात आणखी कोण कोण येऊन बसलं.

वर्गाचं जमलं. अडलं ते क्षेत्रकार्यात.

आमच्या शिक्षणात नुसती पुस्तकं चालत नाहीत. आठवड्यातले काही दिवस विद्यार्थ्यानं दवाखान्यात, कुटुंब सल्ला केंद्रात, वस्तीत जाऊन माणसांबरोबर काम करायचं, आणि तिथल्या मार्गदर्शकानं “हिला हे जमतं” असं म्हटल्याशिवाय पदवी नाही. आणि तिला कुणी घेईना. मी एकेका संस्थेत स्वतः गेले. सगळी भली माणसं. चहा पाजायची, तिचं कौतुक करायची आणि शेवटी म्हणायची, मॅडम, समुपदेशन म्हणजे ऐकून घेणं, आता तुम्हीच सांगा. मी सांगायची, चांगली तावातावानं सांगायची, आणि रिकाम्या हातानं परत यायची. शेवटी विभागात ठरलं की तिला क्षेत्रकार्यातून सूट द्यावी. पदवी मिळेल, पुढे राखीव जागेवर कुठंतरी टेबलाचं काम मिळेल, मुलीचं कल्याण होईल. विभागप्रमुख मनानं फार मऊ माणूस, त्यांनी हे इतक्या मायेनं मांडलं की मलाही क्षणभर बरं वाटलं.

ती माझ्या खोलीत आली आणि दार लावून उभी राहिली. “मले सूट नको मॅडम. सूट घेतली तर लोकं म्हणतीन, हिले माणसांसंग काम जमत नाई म्हणून देल्ली. मंग मी शिकली कायले?”

मी तिला म्हटलं, बघते काहीतरी. काय बघणार होते, मलाच ठाऊक नव्हतं. तेव्हा तिनं विषय बदलल्यासारखं करून मला रविवारी घरी जेवायला बोलावलं.

शेअर ऑटोनं गेले. कामठीत त्यांच्या गल्लीत शिरल्याबरोबर जमीन पायाखाली थरथरायला लागली. घराला लागूनच मागांची शेड. आई-वडील आणि आणखी काही जण तिथं यंत्रमाग चालवायचे. आत पाय टाकला आणि माझ्या छातीतच कुणीतरी ठोके देऊ लागलं. धागा ओढत धोटे इकडून तिकडे, तिकडून इकडे. थोड्या वेळानं काय झालं सांगू, आवाज इतका मोठा झाला की तो आवाज राहिलाच नाही. सगळं एकदम शांत झाल्यासारखं वाटलं. वरच्या झरोक्यातून उन्हाचा तिरपा पट्टा येत होता आणि त्यात कापसाचे बारीक तंतू संथ तरंगत होते, खाली पडायची घाई नसलेले. आणि माणसं बोलत होती. ह्या मागावरून त्या मागावर, शेडच्या ह्या टोकाहून त्या टोकाला. तोंडातून आवाज न काढता, ओठ मोठे मोठे करून, भुवयांनी, बोटांनी. कुणी कुणाची थट्टा केली, तिसऱ्याला हसू आलं. आमची मुलगी त्यांच्या मध्ये उभी राहून सगळ्यांशी गप्पा मारत होती. सगळ्यांत भरभर. मी तोंड उघडलं, माझा तो प्रसिद्ध आवाज लावला, आणि माझा मलाच ऐकू आला नाही. एका बाईनं माझ्याकडे बघून शेजारणीला काहीतरी सांगितलं. दोघी हसल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीच कळत नव्हतं, आणि खरं सांगते, वाईट वाटायच्या ऐवजी गुंगी आल्यासारखं झालं. तिथंच एखाद्या कोपऱ्यात बसून राहावं असं वाटलं.

तिची आई पलीकडच्या मागावर होती, पाठमोरी. मुलगी तिच्या मागे गेली, खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या जागेवर उभी राहिली. आई बाजूला झाली. वळून बघितलं नाही, कोण आहे विचारलं नाही. पदराला हात पुसले, मगच मान वळवून मला बघितलं आणि हसली. नंतर मुलीनं मला समजावून सांगितलं, की चालता माग असा कुणी सोडत नसते. हाक मारून उपयोग नाही, हाक ऐकू येत नाही. म्हणून दुसरा माणूस येऊन खांद्यावर हात ठेवतो आणि जागेवर उभा राहतो, तेव्हा पहिला हटतो. तोवर भूक लागो, काही होवो, हलायचं नाही. तुटला धागा कुणी बघितला नाही तर सगळं कापड वाया जातं. तिच्या आजीपासून असंच चालत आलेलं.

आम्ही आंगणात बसलो. आई चहा घेऊन आली आणि सवयीनं ओठांनीच मला काहीतरी विचारलं. मी बघत राहिले. मग तिच्या लक्षात आलं, ती हसली आणि आवाज काढला. “जमन का वं बाई माह्या पोरीले? माणसांसंग काम जमन का?”

मुलीनं मान दुसरीकडे वळवली होती. आईचे ओठ तिला बघायचे नव्हते. एरवी मी कशालाही उत्तर देते, येत नसलं तरी देते. त्या दिवशी चहा संपेपर्यंत मी कपातच बघत बसले. जेवण फार चांगलं होतं आणि मला काही नीट गेलं नाही.

आमच्या कॉलेजचं इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठाशी देवाणघेवाणीचं नातं होतं. दरवर्षी एक शिक्षक आणि दोन विद्यार्थी तिकडे जायचे, काही आठवडे राहायचे, विद्यार्थी तिथल्या संस्थेत क्षेत्रकार्य करायचे आणि ते आमच्याकडे धरलं जायचं. त्या वर्षी शिक्षक म्हणून माझी पाळी होती. दोघांपैकी एक म्हणून मी तिचं नाव सांगितलं. बैठकीत एकच गलका. इथं हाकेच्या अंतरावरच्या संस्था घेत नाहीत आणि हिला परदेशात पाठवता? मी म्हटलं, इथं घेत नाहीत म्हणूनच पाठवते. ते इतक्या जोरात म्हटलं की शिपाई पाणी घेऊन आत आला. तिकडच्या लोकांनी मात्र काही खळखळ न करता हो म्हटलं, आणि मग इकडे कुणाला नाही म्हणता आलं नाही.

ते गाव मी अजून स्वप्नात बघते. जुनं कापड गिरण्यांचं गाव, लाल विटांचं, वर्षानुवर्षांच्या धुरानं काळपटलेलं. उंच धुराडी होती, पण त्यातून धूर येत नव्हता. धूर ओकणारी धुराडी बघत मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे ती थंड धुराडी बघून मला कुणाच्या तरी बंद घरापाशी उभी असल्यासारखं वाटे. सकाळी धुकं उतरायचं आणि रस्त्याच्या पलीकडची माणसं दिसायची, पण त्यांची पावलं वाजायची नाहीत. मी शाल गुंडाळून, पायात दोन दोन मोजे घालून हिंडायची. नागपूरच्या बाईला ती थंडी म्हणजे शिक्षाच, पण त्या धुक्याचा मला लळा लागला.

तिला वृद्धांच्या निवासात काम मिळालं. आणि तिथं सगळं फिसकटलं. माझं इंग्रजी तिला वाचता यायचं, कारण ते मराठी तोंडातून निघायचं. तिथल्या म्हाताऱ्यांचं इंग्रजी वेगळंच, दात नसलेल्या तोंडातलं, ओठ न उघडता बोललेलं. तिला एक शब्द सापडेना. तिची मार्गदर्शक उंच, सडपातळ, कमी बोलणारी बाई होती, माणूस म्हणून सरळ. तिनं मला बोलावून स्वच्छ सांगितलं, मुलगी गोड आहे, सगळ्यांच्या शेजारी बसते, पण बसण्यापलीकडे काही होत नाही. हे असंच राहिलं तर मला तिला उत्तीर्ण करता येणार नाही.

त्या संध्याकाळी ती वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती. मी खिचडी टाकली होती. तिचे डोळे सुजलेले. म्हणाली, “मॅडम, घरी मी बहिरी नव्हती. इथं येऊन झाली.”

मला इतका राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. त्या सरळ बाईवर काढता येत नव्हता, त्या म्हाताऱ्यांवर नाही. तिला इथं मीच आणली होती. मी तिच्या ताटात तूप वाढलं, नागपूरहून डब्यात आणलेलं, चांगलं चमचाभर जास्त. दोघी जेवलो. बाहेर धुकं खिडकीला लागून उभं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर निवासात गेले. तिथं एका लांब व्हरांड्याच्या टोकाला, भिंतीला लागून, एक फार म्हातारी बाई खुर्चीत बसायची. सकाळी बसली की उठायचं नाव नाही. तोंड सारखं हलायचं, आवाज नाही. सगळे म्हणायचे वय झालंय, मन ठिकाणावर नाही. जेवणाच्या वेळी तिला उठवायला दोघं जण यायचे आणि ती त्यांना मारायची, रडायची, खुर्चीचा दांडा सोडायची नाही. रोज तोच तमाशा. शेवटी तिला उचलून न्यायचे, आणि ती मान मागे वळवून वळवून भिंतीकडे बघत जायची.

आमची मुलगी तिच्याच शेजारी बसायची, कारण तिथं कुणी बोलायची अपेक्षा करत नव्हतं. मी पलीकडे एका खिडकीत बसले होते, धुक्यात एक झाड दिसतंय न दिसतंय ते बघत. बघता बघता बहुतेक डुलकी लागली. जागी झाले तर मुलगी जमिनीवर बसलेली, बूट काढून बाजूला ठेवलेले, तळपाय फरशीला टेकवलेले आणि एक तळहात भिंतीवर. डोळे मिटलेले. मला वाटलं, झालं, हीही गेली.

तिनं डोळे उघडले आणि मला खुणेनं बोलावलं. “मॅडम, इथं माग चालून राहिला.”

मी म्हटलं, कुठला माग, इथं कुठून आला माग? तिनं माझा हात धरून भिंतीवर ठेवला. खूप वेळ हाताला काही लागेना. मग लागलं. एक बारीक थरथर, एका लयीत, सारखी. भिंतीच्या पलीकडे निवासाची धुलाईची खोली होती. यंत्रं दिवसभर फिरायची. कान असलेल्या सगळ्यांना त्या घरघरीची इतकी सवय झाली होती की ती कुणाच्या गावी नव्हती.

“तिचे हात पाहा,” मुलगी म्हणाली.

म्हातारीची बोटं मांडीवर चालली होती. मी ती आधीही बघितली होती, थरथरणारी म्हाताऱ्या माणसाची बोटं म्हणून. आता बघितली तर ती चिमटीत काहीतरी पकडत होती, पीळ देत होती, गाठ मारून उरलेलं टोक तोडत होती आणि पुन्हा भिंतीकडे बघत होती. कामठीच्या शेडमध्ये हेच हात मी बघितले होते. आणि ते बिनआवाजाचे ओठ, मोठे मोठे करून हलणारे!

“ती काहून उठन मॅडम? माग सुरू हाय. तिची शिफ्ट सुटलीच नाई.”

जेवणाची वेळ झाली होती. ते दोघं जण व्हरांड्यातून येताना दिसले, रोजच्या झटापटीच्या तयारीनं. मुलगी उठली. पायात बूट नव्हते. ती म्हातारीच्या मागे गेली, खांद्यावर हात ठेवला आणि खुर्चीच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, उभी राहिली. घरी आईच्या जागी उभी राहिली होती तशीच.

म्हातारीची बोटं थांबली. तिनं मागे वळून बघितलं नाही. अंगावर नसलेल्या ॲप्रनला हात पुसले, खुर्चीचे दांडे धरून सावकाश उठली, आणि भिंतीच्या आधारानं एकेक पाऊल टाकत, आपली आपण, जेवणाच्या खोलीकडे निघाली. ते दोघं जण बाजूला सरकून उभे राहिले. मार्गदर्शक बाई दारात होती, तिच्या हातातली किल्ली तशीच राहिली. मुलगी मात्र हलली नाही. म्हातारी दिसेनाशी होईपर्यंत भिंतीकडे लक्ष ठेवून उभी राहिली, चालता माग कसा सोडणार! मी रडले. सरळ सांगते, पदर तोंडाला लावून, नाक लाल होईपर्यंत रडले.

त्यानंतर रोज जेवणाच्या वेळी कुणीतरी तसंच करायचं. हात खांद्यावर ठेवायचा, जागेवर उभं राहायचं. म्हातारी उठायची. आणि मुलीशी तिचं बोलणं सुरू झालं. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, पण धागा तुटला, मालक येतोय, चहा कधी, पाय दुखतात, ह्या सगळ्याला खुणा होत्या, आणि त्या दोघींच्या बऱ्यापैकी जुळत होत्या. मालक येतोय म्हणताना दोघीही नाक वर करायच्या आणि गालातल्या गालात हसायच्या. मी लांबून बघायची. धुकं, तो व्हरांडा, त्या दोघी, आणि एक शब्द नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकं सुंदर समुपदेशन बघितलं नाही. निघायच्या दिवशी मार्गदर्शक बाईनं तिला उत्तीर्ण केलं, तिचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, आम्ही त्या म्हातारीला उठवत होतो, तिला मोकळं कुणी केलंच नव्हतं. तिनं हे मुलीकडे तोंड करून पुन्हा सांगितलं, ओठ मोठे करून, हळू. मुलीला पहिल्यांदा तिचं इंग्रजी समजलं.

पदवी मिळाली. पुढे तिनं कामठीच्या मागवाल्यांमध्येच काही वर्षं काम केलं, मग नेट परीक्षा काढली, आणि एक दिवस आमच्याच विभागात शिकवायला आली. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. मी फोनवर कुणावर ओरडत असले की माझ्या तोंडाकडे बघून मान हलवायची. म्हणायची, तुमचं ओरडणं वाचायले भल्लं सोपं हाय, मॅडम.

सरकारी नियमानं वय भरलं तो महिना संपला की नोकरी संपते, अभ्यासक्रम कुठंही असो. माझा शेवटचा दिवस असाच एका प्रकरणाच्या मध्यावर आला. निरोप समारंभ खाली सभागृहात, जेवणाचा बेत, सगळे जमलेले. माझा शेवटचा तास वर. तास संपल्याची घंटा झाली. मी म्हटलं, एवढा मुद्दा संपवते. तो संपला, मग दुसरा काढला. दारातून कुणीतरी डोकावलं आणि माझा चेहरा बघून परत गेलं. शिपाई येऊन गेला. विभागप्रमुख येऊन घड्याळाकडे बघून गेले. मुलं चुळबुळत होती, पण माझ्यापुढे कोण बोलणार! मला थांबता येत नव्हतं. थांबले की संपणार होतं, आणि चेहरा मुलांना दिसू नये म्हणून मी जुन्या सवयीनं पाठ फिरवली आणि फळ्यावर लिहीत सुटले. काय लिहीत होते कोण जाणे. अक्षरं धुक्यात गेल्यासारखी दिसत होती.

माझ्या खांद्यावर हात पडला.

मी वळून बघितलं नाही. खडू फळ्याच्या कडेवर ठेवला. ती माझ्या जागेवर येऊन उभी राहिली, वर्गाकडे तोंड करून. मी पदराला हात पुसले आणि दाराकडे चालू लागले. मागे तिचा तो चढउतार नसलेला आवाज सुरू झाला, मी फळ्यावर जिथं सोडलं होतं तिथूनच.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर तिची आई बसली होती, नवं लुगडं नेसून, समारंभासाठी बोलावलेली. आता फार थकलेली. माग केव्हाच सुटला होता, पण मला बघितल्यावर तिनं सवयीनं ओठच हलवले. काय विचारलं ते मला कळलं, आता मला वाचता येतं. जेवल्या का, असं विचारत होती.

मी मान हलवली, नाही. मग वर्गाच्या दाराकडे बोट दाखवलं, आणि कधीचं राहिलेलं उत्तर तिला दिलं. आवाज न काढता, ओठ मोठे करून.

जमलं वं बाई.

तिनं डोळे पुसले, माझा हात धरून उठली, आणि आम्ही दोघी जिना उतरून जेवायला गेलो.